कागदावर ‘अपंगत्व’ लिहिले म्हणून पेन्शन करमुक्त होत नाही

सातारा जिल्ह्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील लष्करातून २०१० साली मुदत संपवून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांना पेन्शनमध्ये डिसॅबिलिटीचा हिस्सा मिळतो. त्यानंतर त्यांनी एका सहकारी साखर कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि मे २०२५ मध्ये साठाव्या वर्षी तेथूनही निवृत्त झाले. भाऊ महापालिकेच्या अग्निशमन दलात होता. आगीच्या ठिकाणी भिंत अंगावर पडून पाय निकामी झाला, म्हणून सप्टेंबर २०२५ अखेर त्याला रुग्णता निवृत्तिवेतनावर, म्हणजे शरीर कामास अयोग्य ठरल्यामुळे मिळणाऱ्या पेन्शनवर, घरी बसावे लागले. ‘दोघांच्याही कागदावर अपंगत्व लिहिलेले आहे. गेल्या वर्षी एका एजंटाने वडिलांची पूर्ण पेन्शन करमुक्त दाखवून कर शून्यावर आणला आणि कापलेला कर परत मिळवून दिला. आता खात्याकडून संदेश आला आहे की, फॉर्म १६ (पगार किंवा पेन्शन देणाऱ्याने दिलेला करकपातीचा दाखला) आणि विवरणपत्र जुळत नाही. एजंट म्हणतो घाबरू नका, अपंगाच्या पेन्शनवर कर नसतोच. खरे काय?’

एजंटाचे वाक्य अर्धवट खरे आहे, आणि माझ्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या कामात लोकांना सर्वांत जास्त त्रास या अर्धवट खऱ्या वाक्यांनीच दिला आहे. आपला खरा प्रश्न ‘अपंगत्वाच्या पेन्शनवर कर आहे का’ हा नाही. दरमहा खात्यात एका आकड्यात जमा होणाऱ्या रकमेच्या पोटात कोणकोणत्या रकमा आहेत, त्या कोणी दिल्या आणि माणूस नोकरीतून कोणत्या कारणाने बाहेर पडला, हा आहे. प्राप्तिकर कायद्यात नियम असा की पेन्शन हे पगारासारखेच उत्पन्न आहे आणि ते करपात्र आहे. सूट हा अपवाद आहे, आणि प्रत्येक अपवादाला स्वतःचे दार आहे. त्या दारावर ‘अपंग’ अशी पाटी नाही.

उत्तर ज्यावर अवलंबून आहे त्या दोन गोष्टी आधी सांगतो. पहिली, मी खाली १९६१ च्या कायद्यातील कलमे सांगतो आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाला आणि त्याआधीच्या सर्व वर्षांना जुनाच कायदा लागतो. यापुढच्या उत्पन्नासाठी नव्या कायद्यातील तरतूद स्वतंत्रपणे वाचावी, जुन्या परिपत्रकांवर विसंबू नये. दुसरी, आपण आकडे दिले आहेत, कागद दिलेले नाहीत. वडिलांचे डिस्चार्ज बुक (सेवेची व निवृत्तीची नोंद असलेले पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) डोळ्यांखालून गेल्याशिवाय कोणीही छातीठोक उत्तर देऊ नये, आणि दिले तर आपण घेऊ नये.

आता वडिलांची पेन्शन. लष्करी डिसॅबिलिटी पेन्शनची करमाफी १९२२ च्या एका अधिसूचनेपासून चालत आली आहे. २००१ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढून स्पष्ट केले की डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन्ही भाग, म्हणजे सर्व्हिस एलिमेंट (सेवेबद्दलचा हिस्सा) आणि डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाबद्दलचा हिस्सा), करमुक्त आहेत. पुढे २४ जून २०१९ रोजी मंडळाने परिपत्रक क्रमांक १३ काढले आणि त्यात ही सूट कोणाला, हे घट्ट केले. सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या शारीरिक अपंगत्वापायी ज्याला सेवेतून बाहेर काढले, आपल्याकडे ज्याला ‘बोर्डआउट’ म्हणतात, त्यालाच ती मिळेल. मुदत पूर्ण करून किंवा अन्य कारणाने निवृत्त झालेल्याला ती मिळणार नाही, मग त्याच्या पेन्शनमध्ये डिसॅबिलिटीचा हिस्सा असला तरीही. माजी सैनिकांनी यावर न्यायालयात दाद मागितली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’, म्हणजे तूर्त आहे ती स्थिती ठेवा, असा आदेश दिला. एजंट मंडळी हा आदेश खिशात घेऊन फिरतात आणि तो अंतिम निकाल असल्यासारखा दाखवतात.

हा फरक कागदावर कसा दिसतो ते सांगतो. माझ्याकडे एकाच गावचे दोन माजी सैनिक येतात, दोघांचाही गुडघा गेलेला. एकाला नवव्या वर्षी वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून घरी पाठवले; त्याच्याकडे इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाचे कागद आहेत. दुसरा लो मेडिकल कॅटेगरीत हलक्या कामावर राहिला, सतरा वर्षे पूर्ण केली आणि निघताना त्याचा रिलीज मेडिकल बोर्ड झाला. त्याच्या डिस्चार्ज बुकात निवृत्तीचे कारण म्हणून भरतीच्या अटी पूर्ण झाल्या एवढेच आहे. दोघांनाही डिसॅबिलिटीचा हिस्सा मिळतो आणि दोघेही जिना चढताना कठड्याला धरतात, पण पहिल्याची संपूर्ण पेन्शन करमुक्त आहे आणि दुसऱ्याची परिपत्रकाप्रमाणे संपूर्ण करपात्र. याला न्याय म्हणावे का, हा प्रश्न दुसऱ्याने मला अनेकदा विचारला आहे आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. अपंगत्व किती टक्के, हा आकडा मात्र येथे निरुपयोगी आहे. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व पूर्णांकित करून ५० धरले जाते, त्याने पेन्शनची रक्कम वाढते. करमाफीचा निकष त्याने बदलत नाही.

आपले वडील २०१० साली मुदत संपवून निवृत्त झाले असे आपणच लिहिले आहे. त्यामुळे ते दुसऱ्या माणसाच्या रांगेत बसतात. एजंटाने तर डिसॅबिलिटीचा हिस्साच नव्हे, अख्खी पेन्शन वगळली. याची किंमत किती, ते आपल्याच आकड्यांवरून पाहू. २०२४-२५ मध्ये लष्करी पेन्शन ५,१०,००० रुपये, त्यातील डिसॅबिलिटीचा हिस्सा १,२०,०००. कारखान्याचा पगार ३,१२,०००. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस योजनेची पेन्शन दरमहा २,२०० म्हणजे वर्षाला २६,४००. ठेवींचे व्याज १,४०,०००. एकूण ९,८८,४००. नव्या करप्रणालीत (म्हणजे कमी दर आणि थोड्या वजावटींच्या पर्यायात; वर सांगितलेला नवा कायदा वेगळा) ७५,००० ची प्रमाणित वजावट, म्हणजे पगार-पेन्शनमधून सरसकट वजा होणारी रक्कम, जाऊन उरतात ९,१३,४०० आणि त्यावर उपकरासह कर होतो सुमारे ४२,९९४ रुपये. फक्त डिसॅबिलिटीचा हिस्सा वगळला असता तर कर ३०,५१४ झाला असता. म्हणजे ज्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो असा वाद केवळ १२,४८० रुपयांचा आहे. बाकीचे तीस हजार कोणत्याही वाचनाने करमुक्त होत नाहीत. २००१ च्या सूचनेचा कितीही उदार अर्थ लावला तरी मुदत पूर्ण करून मिळालेली साधी सेवा पेन्शन त्यात बसवणे मला आजवर जमलेले नाही, आणि ज्यांनी ती बसवली त्यांना मी पुढे नोटिसांना उत्तरे लिहून दिली आहेत.

यावर उपाय आहे. त्या वर्षाचे विवरण सुधारण्याची साधी मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. आता ‘अद्ययावत विवरणपत्र’ म्हणजे आयटीआर-यू भरावे लागेल. ३१ मार्च २०२७ पर्यंत भरल्यास कर आणि व्याज यांच्या रकमेवर आणखी २५ टक्के भरावे लागतात आणि त्यानंतर तो टक्का वाढत जातो. पुनर्निर्धारणाची, म्हणजे त्या वर्षाचा कर खात्याने पुन्हा ठरवण्याची, नोटीस येण्याआधी हे करून टाकावे, कारण संदेश ही सूचना आहे आणि नोटीस ही कारवाई आहे. माझा सल्ला असा की त्यात पूर्ण पेन्शन करपात्र धरावी. १२,४८० रुपयांसाठी न्यायालयाच्या निकालाकडे डोळे लावून बसणे ज्याला परवडते, त्याने डिसॅबिलिटीचा हिस्सा वेगळा, उघडपणे, करमुक्त रकमांच्या रकान्यात आकड्यासह दाखवून वगळावा. पगाराच्या रकान्यातून गुपचूप कमी करू नये.

गंमत अशी की २०२५-२६ या वर्षासाठी हा सगळा वाद वडिलांच्या बाबतीत पुस्तकी उरतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. त्यांची यंदाची लष्करी पेन्शन ५,४०,०००, ईपीएस २६,४००, कारखान्याचे दोन महिन्यांचे वेतन ५२,०००, असे ६,१८,४००. त्यातून ७५,००० गेले, ५,४३,४०० राहिले. व्याजाचे १,४८,००० त्यात मिळवा. आपण लिहिले आहे की कारखान्याचा पीएफ अजून काढलेला नाही, सुमारे सहा लाख तसेच पडून आहेत आणि व्याज जमते आहे. नोकरीत असेपर्यंतची पीएफची जमा पाच वर्षे सलग सेवा झाल्यामुळे करमुक्त आहे, परंतु नोकरी सुटल्यानंतरच्या काळाचे व्याज करपात्र असते, ही गोष्ट दहापैकी नऊ जणांना ठाऊक नसते. सव्वाआठ टक्क्यांच्या दराने दहा महिन्यांचे ते सुमारे ४१,००० होते. सगळे मिळून ७,३२,४००, आणि कर शून्य. हेच उत्पन्न जुन्या करप्रणालीत मांडले, प्रमाणित वजावट ५०,००० आणि ज्येष्ठांची व्याजावरची ५०,००० वजावट घेतली, तरी ८० सी (ठरावीक बचत-गुंतवणुकीची वजावट) खाली काही नसल्यास कर ५३,५३९ रुपये होतो. मग ज्या वर्षी कर लागतच नाही, त्या वर्षी वादग्रस्त सवलतीचा दावा करून खात्याचे लक्ष ओढवून घेण्यात काय हशील आहे? पूर्ण पेन्शन दाखवावी आणि मोकळे व्हावे.

यंदा वडिलांच्या विवरणात एक खड्डा मात्र आहे. त्यांना तीन ठिकाणांहून पगारवजा रक्कम मिळाली, आणि लष्करी पेन्शनचा फॉर्म १६ ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेकडून व वेतनाचा कारखान्याकडून येईल. दोन्हींत ७५,००० ची प्रमाणित वजावट दिलेली असू शकते. ती माणसाला वर्षातून एकदाच मिळते, प्रत्येक देणाऱ्यामागे एकदा नाही. दोन्ही फॉर्मांतील शेवटच्या ओळींची बेरीज करून विवरण भरले की ७५,००० चे उत्पन्न कमी दाखवले जाते. यंदा त्याने कर वाढणार नाही, पण आकडे जुळणार नाहीत आणि पुन्हा संदेश येईल. दुसरे असे की २०१० साली वडिलांनी पेन्शनचा काही भाग विकला होता, म्हणजे त्याचे अंशराशीकरण केले होते. त्याची एकरकमी रक्कम तेव्हा पूर्ण करमुक्त होती आणि तेव्हापासून दरमहा कापला जाणारा भाग त्यांच्या करपात्र उत्पन्नात येतच नव्हता. पंधरा वर्षे झाली की तो भाग परत चालू होतो. २०२५ मध्ये त्यांची पेन्शन वाढलेली दिसली असेल तर ती वाढ तीच, आणि ती रक्कम आता करपात्र आहे. ‘हे तर आमचेच पैसे परत मिळत आहेत’ असे अनेकांना वाटते. तसे ते नाही; ती पुन्हा सुरू झालेली पेन्शन आहे.

कारखान्याच्या ग्रॅच्युइटीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नोकरी चौदा वर्षे सात महिने, म्हणजे सहा महिन्यांवरचा भाग धरून पंधरा वर्षे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,०००. त्यास २६ ने भागून १५ ने गुणले आणि पुन्हा वर्षांनी गुणले की २,२५,००० होतात. मिळालेली रक्कम तेवढीच असल्यामुळे सगळी करमुक्त. मर्यादा २० लाखांची आहे, पण ती आयुष्यभराची असून पूर्वीच्या नोकरीत करमुक्त मिळालेली ग्रॅच्युइटीही तीत मोजली जाते, म्हणून २०१० चा कागद फेकू नये.

आता भाऊ, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नातला अधिक गुंतागुंतीचा भाग हाच आहे. तो आगीत लोकांना वाचवताना जायबंदी झाला. सैनिकाच्या अपंगत्वाइतकेच त्याचेही अपंगत्व सेवेमुळे आलेले आहे. तरीही लष्करी डिसॅबिलिटी पेन्शनची सूट त्याला लागू नाही, कारण ती सशस्त्र दलांच्या माणसांपुरती आहे. मुलकी नोकरीतील रुग्णता निवृत्तिवेतन हे नाव वेगळे असले तरी करापुरते साधे निवृत्तिवेतनच आहे. पगार या शीर्षाखाली ते करपात्र आहे आणि त्यावर प्रमाणित वजावट मिळते. हे त्याला सांगताना मला बरे वाटणार नाही, परंतु खोटा दिलासा देण्यापेक्षा हे बरे.

त्याच्या मासिक पेन्शनचा हिशेब नीट मांडा, कारण येथेही करपात्र आकडा अनेकदा चुकीचा घेतला जातो. आपण दिलेल्या आकड्यांप्रमाणे मूळ निवृत्तिवेतन २४,००० आणि त्याने ४० टक्के विकले, म्हणजे ९,६०० गेले आणि १४,४०० राहिले. महागाई वाढ मात्र विकल्यानंतरच्या १४,४०० वर नाही, मूळ २४,००० वर मिळते. हिशेब सोपा व्हावा म्हणून ती ५० टक्के धरली तर १२,०००. हातात पडतात २६,४००, आणि करपात्रही तेवढेच. काही कार्यालये वार्षिक पत्रकात ३६,००० चा आकडा लिहून खाली वजा करायला विसरतात. बँकेचे पासबुक आणि पत्रक शेजारी ठेवून पाहावे.

एकरकमी रकमांच्या बाबतीत महापालिकेचा कर्मचारी हा कायद्याच्या दृष्टीने बहुरूपी आहे. ग्रॅच्युइटीच्या कलमात स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतील माणूस सरकारी कर्मचाऱ्याच्या पंक्तीत बसतो, त्यामुळे त्याची ग्रॅच्युइटी कोणत्याही मर्यादेविना करमुक्त. विकलेल्या पेन्शनच्या कलमातही तो त्या पंक्तीत बसतो, म्हणून ती रक्कमही पूर्ण करमुक्त. शिल्लक रजेच्या रोखीकरणाचे कलम १०(१०एए) मात्र फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचे नाव घेते. तेथे पालिकेचा माणूस अचानक खासगी कर्मचाऱ्यांत जाऊन बसतो आणि त्याला सूत्र लावावे लागते. याउलट वैधानिक महामंडळाच्या, उदाहरणार्थ एसटी महामंडळाच्या, कर्मचाऱ्याला विकलेल्या पेन्शनचे कलम सरकारी धरते, पण ग्रॅच्युइटीचे कलम तसे धरत नाही. मी स्वतः उमेदीच्या काळात एका पालिका कर्मचाऱ्याची रजेची रक्कम सरकारी समजून संपूर्ण वगळली होती. पुढे मागणीची नोटीस आली तेव्हा मर्यादा ३ लाखांची होती आणि त्या माणसाला कर व्याजासह भरावा लागला. तेव्हापासून मी कर्मचारी ‘सरकारी’ आहे की नाही हे एकदा ठरवत नाही. प्रत्येक रकमेसाठी नव्याने ठरवतो.

ही मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली, ही आपल्या भावाच्या दृष्टीने चांगली गोष्ट. त्याला ३०० दिवसांच्या रजेचे ७,२०,००० मिळाले. जुन्या मर्यादेत ४,२०,००० वर कर लागला असता. आता २५ लाखांचा अडसर नाही, परंतु सूत्रातील दुसरी अट शिल्लक आहे: शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या दहापट. रजेचे पैसे शेवटच्या पगाराच्या दराने मिळतात आणि सूट सरासरीने मिळते, आणि जुलैत वेतनवाढ मिळून सप्टेंबरात निवृत्त होणाऱ्याला ही बारीक तफावत हमखास भोवते. त्याचे शेवटचे मूळ वेतन ४८,०००, महागाई भत्ता धरून ७२,०००. जुलैआधीचे ४६,६००, भत्त्यासह ६९,९००. दहा महिन्यांपैकी सात जुन्या दराचे आणि तीन नव्या दराचे, मिळून ७,०५,३००. म्हणजे करमुक्त रक्कम ७,०५,३०० आणि उरलेले १४,७०० रुपये करपात्र. रजेचा हिशेब प्रत्येक वर्षाला तीस दिवसांच्या मर्यादेतही बसावा लागतो. चोवीस वर्षांच्या सेवेत ३०० दिवस शिल्लक असतील तर ते सहसा बसतात, तरी आस्थापना विभागाकडून रजेच्या खात्याचा उतारा घेऊन ठेवावा. फॉर्म १६ मध्ये कार्यालयाने पूर्ण ७,२०,००० करमुक्त लिहिले असले तरी हे १४,७०० स्वतःहून दाखवावेत असे मी सुचवेन.

मग त्याचे यंदाचे उत्पन्न किती? घरभाडे भत्ता बाजूला ठेवून सहा महिन्यांचे वेतन ४,२५,७००, सहा महिन्यांचे निवृत्तिवेतन १,५८,४०० आणि रजेचे १४,७००, मिळून ५,९८,८००. त्यातून ७५,००० वजा जाऊन ५,२३,८००. कर शून्य. पालिकेने उतरवलेल्या सामूहिक अपघात विम्याचे जे दहा लाख त्याला मिळाले, ते शरीराच्या हानीची भरपाई म्हणून मिळालेली भांडवली रक्कम आहे. तिला उत्पन्न म्हणत नाहीत, त्यामुळे ती या बेरजेत धरायची नाही. तिची ठेव केली तर ठेवीचे व्याज मात्र दरवर्षी करपात्र राहील. विमा कंपनीचे मंजुरीपत्र जपून ठेवावे, कारण एवढी मोठी जमा कशाची, असे कधीतरी विचारले जाते.

‘त्याच्या ६० टक्के अपंगत्वाला कायद्यात काहीच किंमत नाही का?’ असे आपण शेवटी विचारले आहे. आहे, पण ती पेन्शनला चिकटलेली नाही, माणसाला चिकटलेली आहे. कलम ८० यू खाली ४० टक्क्यांपासून पुढच्या अपंगत्वाला ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० ची सरसकट वजावट मिळते. खर्च झाला की नाही, हे पाहिले जात नाही. त्यासाठी सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. निवृत्तीच्या वेळी पालिकेच्या वैद्यकीय मंडळाने दिलेला ‘सेवेस अयोग्य’ हा दाखला ते काम करत नाही, कारण त्यात टक्केवारी नसते. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेगळे काढावे. आणि ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. ज्याचे उत्पन्न १२ लाखांच्या खाली आहे त्याला नव्या प्रणालीत ती न घेताही कर लागत नाही, त्यामुळे भावाने आज तिच्यासाठी जुन्या प्रणालीत जाण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र मात्र आजच काढावे. पुढे दुकान टाकले, घरभाडे सुरू झाले आणि उत्पन्न वाढले, तर ते उपयोगी पडेल. त्याच्या पत्नीच्या नोकरीतून ८० डीडीची वजावट घेण्याचा विचार कोणी सुचवेल. ती अवलंबून असलेल्या व्यक्तीसाठी आहे आणि ज्याला स्वतःची पेन्शन आहे त्याला अवलंबून म्हणणे कठीण.

पुढे भावाच्या पेन्शनची थकबाकी आली, म्हणजे वेतन निश्चिती उशिरा होऊन दोन-तीन वर्षांची रक्कम एका वर्षात पडली, तर कलम ८९ खाली दिलासा मिळतो. ती रक्कम ज्या वर्षांची त्या वर्षांत मिळाली असती तर किती कर लागला असता, याची तुलना त्यासाठी करावी लागते. फॉर्म १० ई विवरणाच्या आधी भरावा लागतो. नंतर भरला तर दिलासा नाकारला जातो, असे मी वारंवार पाहिले आहे.

आईच्या पुढच्या काळाबद्दल आपण ओझरते विचारले आहे, तर तेही सांगून टाकतो. वडिलांच्या पश्चात आईला मिळेल ती कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम. ती पगार नव्हे, ‘इतर उत्पन्न’ आहे. त्यावर ७५,००० ची प्रमाणित वजावट नाही. एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा, यांतील कमी असेल तेवढी वजावट मिळते आणि ती मर्यादा नव्या प्रणालीत २५,०००, जुन्या प्रणालीत १५,००० आहे. मोहिमेवर असताना वीरगती मिळालेल्या सैनिकाच्या कुटुंबाची पेन्शन संपूर्ण करमुक्त असते. आपल्या घरात ती स्थिती नाही, तरी कोणी गल्लत करू नये म्हणून लिहिले. कुटुंब निवृत्तिवेतनावर बँक कर कापत नाही. त्यामुळे ज्यांचे व्याजाचे उत्पन्न मोठे आहे अशा अनेक वृद्ध स्त्रियांना कर लागतो हे जुलैत कळते.

आता या आठवड्यात करायचे काम एवढेच: वडिलांचे डिस्चार्ज बुक काढून निवृत्तीच्या कारणाची ओळ वाचा. मी वर गृहीत धरले त्याहून ती ओळ वेगळी निघाली, आणि त्यांना वैद्यकीय कारणाने बाहेर काढल्याचे तेथे असले, तर एजंटाचा दावा बरोबर ठरेल; मग आयटीआर-यू भरू नका, त्या ओळीची आणि पीपीओची प्रत जोडून खात्याच्या संदेशाला पोर्टलवर उत्तर द्या आणि मला कळवा.